नाशवंत मालाची भाषा

(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात ‘भाषा आणि व्यवहार’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘भाषा आणि व्यवहार’ म्हटलं की आपण बहुधा सरकारी पत्रं, बँकेचे अर्ज आणि न्यायालयातली मराठी यांच्याकडे वळतो. मी आज समुद्रमार्गे परदेशी जाणाऱ्या नाशवंत अन्नाबद्दल बोलणार आहे. साहित्याच्या प्राध्यापिकेने हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. माझं माहेर तासगाव तालुक्यात. घरी द्राक्षबाग आहे. नोकरी मात्र गेली सत्तावीस वर्षं गोव्यात, आणि माझ्या वर्गातल्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी कोणी ना कोणी तारवटी असतो. एका घरून माल बोटीवर चढतो, दुसऱ्या घरचा माणूस त्याच बोटीवर नोकरी करतो. या दोन घरांच्या मधे जी भाषा वापरली जाते तिच्याकडे मी बरीच वर्षं कान देऊन आहे.

‘नाशवंत’ या शब्दापासूनच सुरुवात करू. आपल्या संतांनी हा शब्द देहासाठी वापरला. आज तोच शब्द बंदरातल्या कागदांवर द्राक्षं, आंबे, कोळंबी, मांस यांच्यासाठी येतो. अर्थ तसा बदललेला नाही. जे टिकणार नाही, ज्याला मुदत आहे, ते नाशवंत. बदलली आहे ती मुदतीशी वागण्याची रीत.

जुनी रीत आपल्या दोन्ही भागांत होती. गोव्यात पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची धांदल असते: खारवलेली, सुकवलेली मासळी, सोलं, मिरच्या, कांदे. कोकणात त्याला आगोटीची बेगमी म्हणतात. आमच्याकडे द्राक्षाला गिऱ्हाईक मिळालं नाही तर बेदाणा करतात. तासगावचा बेदाण्याचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. मीठ, ऊन, धूर, साखर, तेल ही सगळी साधनं पदार्थ टिकवतात, पण बदलून टिकवतात. सुका बांगडा हा ताज्या बांगड्यापेक्षा वेगळा पदार्थ आहे, त्याची चव वेगळी आणि आमटीही वेगळी. बेदाणा पुन्हा द्राक्ष होत नाही. माणसाला हजारो वर्षं एवढंच जमत होतं: अन्न टिकवायचं तर ते दुसरं काहीतरी करून टाकायचं.

थंडीने ही अट मोडली. थंडी पदार्थ बदलत नाही, वेळ लांबवते. पण ही थंडी समुद्रापलीकडे न्यायची कशी, हे कळायला एकोणिसावं शतक निम्म्याहून अधिक खर्ची पडलं.

आधी प्रवास केला तो अन्नाने नव्हे, खुद्द बर्फाने. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून तिथल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कलकत्त्याला पाठवला. सुमारे १८० टन बर्फ चढवला होता. चार महिन्यांच्या प्रवासात दोनदा विषुववृत्त ओलांडून सुमारे १०० टन उरला. उरला तो चांगल्या वेष्टनामुळे. जहाजावर थंडी तयार करणारं काहीही नव्हतं. बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही, एवढंच काम होतं. पुढे मद्रास आणि मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. मद्रासच्या किनाऱ्यावर त्यासाठी बांधलेलं आइस हाउस अजून उभं आहे, आज त्याला विवेकानंद हाउस म्हणतात. ट्यूडरच्या या व्यापारातला धडा लक्षात ठेवा: थंडी निर्माण करणं आणि असलेली थंडी राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. माझं पुढचं सगळं बोलणं या फरकावर उभं आहे.

थंडी निर्माण करणारं यंत्र जहाजावर बसवण्याचे प्रयत्न १८७० च्या दशकात झाले. फ्रान्सच्या शार्ल तेलिए यांनी १८७६ मध्ये ‘ल फ्रिगोरिफिक’ हे जहाज रुआँहून ब्यूनस आयर्सला मांस घेऊन पाठवलं. पण व्यापार म्हणून ही गोष्ट पक्की झाली ती ‘डनेडिन’ या जहाजाच्या सफरीने. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ते न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून निघालं आणि २४ मे रोजी लंडनला पोचलं. अठ्ठ्याण्णव दिवस. आत जवळपास पाच हजार गोठवलेली जनावरं, बहुतेक मेंढ्या. जहाज शिडाचं होतं. शिडं वाऱ्यावर, आणि पोटात कोळशावर चालणारं थंडीचं यंत्र. त्या यंत्राच्या ठिणग्यांनी शिडं पेट घेत. उष्ण कटिबंधात वारा पडला तेव्हा आतली थंड हवा सगळीकडे फिरत नाही हे कप्तान व्हिटसन यांच्या लक्षात आलं. हवेच्या बोगद्यात सरपटत शिरून त्यांनी स्वतः जादा भोकं पाडली, आणि आतच गारठून बेशुद्ध होण्याच्या बेतात आले. पायाला दोर बांधून सोबत्याने त्यांना बाहेर ओढलं. लंडनला माल उतरवला तेव्हा एवढ्यातून फक्त एक जनावर टाकून द्यावं लागलं. न्यूझीलंडसारख्या दूरच्या देशाची पुढची शंभर वर्षांची अर्थव्यवस्था त्या सफरीने ठरवली. तेच जहाज १८९० मध्ये सगळ्या खलाशांसह समुद्रात नाहीसं झालं, हेही सांगायला हवं.

कप्तान ज्यासाठी त्या बोगद्यात शिरले तो प्रश्न आजही तोच आहे. गार हवा नुसती असून भागत नाही, ती प्रत्येक पेटीपर्यंत पोचावी लागते.

आजचा रीफर कंटेनर पाहिला तर हे लगेच कळतं. चाळीस फुटांची पांढरी पेटी, एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला दार. तळाला सपाट जमीन नसते, लांबीभर धातूच्या पन्हळी असतात. यंत्रातली गार हवा या पन्हळींतून दारापर्यंत जाते, पेट्यांच्या मधून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परत येते. म्हणून आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला एक लाल रेघ असते. माल त्या रेघेच्या वर रचायचा नाही, नाहीतर हवेची परतीची वाट बंद होते. पेट्यांची भोकं एकावर एक यावी लागतात. दाराशी जागा मोकळी राहिली तर हवा तिथूनच वर जाते आणि मालात शिरत नाही. घाटात रस्ता मोकळा असेल तिकडे पाणी धावतं, तशीच हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे यंत्र गरम माल गार करण्यासाठी बनवलेलंच नाही. गार माल गार ठेवणं हे त्याचं काम. शेतातली ऊब अंगात असलेली द्राक्षं आत भरली, तर बारा-तेरा टन मालाची ती ऊब काढायला त्याला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत नासायचं ते नासून जातं.

दुसरा फरक गोठवलेल्या मालाचा आणि गार मालाचा. आपल्या किनाऱ्यावरची कोळंबी आणि माणक्यो कारखान्यात गोठवून उणे १८ अंशांत पाठवतात. हा उणे १८ चा आकडा फॅरनहाइटच्या शून्यावरून आला आहे. अलीकडे, २०२३ च्या दुबईतल्या हवामान परिषदेच्या वेळी, तो उणे १५ वर आणून वीज वाचवावी असा प्रस्ताव या धंद्यातल्याच काही मंडळींनी मांडला. गोठवलेल्या मासळीला बाहेरची हवा लागत नाही, म्हणून कंटेनरची हवेची खिडकी घट्ट बंद ठेवतात. फळाचं तसं नाही. तोडलेलं फळ जिवंत असतं, श्वास घेतं, ऊब आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्याला ताजी हवा मोजून द्यावी लागते. द्राक्षाला शून्याच्या आसपास ठेवायचं. केळं तेरा-चौदा अंशांच्या खाली गेलं तर त्याची साल काळवंडते. आंब्यालाही फार थंडी बाधते. म्हणजे एकाच पांढऱ्या पेटीला प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा सांगावा लागतो. हे सांगणं तीन-चार आकड्यांत होतं: तापमान किती, हवेची खिडकी किती उघडी, ओलावा किती. त्यातलं ‘उणे’ चिन्ह कोणी गाळलं, की गोठलेली कोळंबी कंटेनरभर वितळते. शुद्धलेखनावर एवढी जोखीम असलेला दुसरा कागद मी तरी पाहिलेला नाही.

बोटीवर हे आकडे सांभाळणारा माणूस बहुधा विद्युत अधिकारी असतो. माझा एक जुना विद्यार्थी हे काम करतो. तो सांगतो, “मॅडम, सकाळ-संध्याकाळ फेरी. प्रत्येक रीफरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा. वादळात डेकवर जाता येत नाही, तेव्हा अख्खी रात्र त्या प्लगांची काळजी.” त्याने पुढे एक गोष्ट सांगितली ती मी विसरलेले नाही: “आत कुणाचा माल आहे हे आम्हांला कळत नाही. आम्हांला फक्त आकडा दिसतो.”

तो माल कुणाचा, हे मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या बागेतला माल एका निर्यातदारामार्फत रॉटरडॅमला गेला होता. आपल्या द्राक्षांचा मोठा भाग असा जातो की भाव आधी पक्का नसतो. तिकडे माल उघडला, विकला गेला, की हिशेब येतो. गावच्या बाजारात ज्याला अडत म्हणतात, तीच ही अडत, फक्त सात समुद्रांपलीकडची. हिशेब आला तेव्हा दादाच्या वाट्याचे दोन लाख दहा हजार कापलेले होते. कारण एका ओळीत: प्रवासात तापमान बिघडल्याने मणी गळले, देठ वाळले. सोबत कंटेनरच्या तापमानाचा आलेख. दादाने तो मला पाठवला आणि फोनवर म्हणाला, “अगं, तू डॉक्टर हायस न्हवं कागदाची? ह्यात कुठं लिव्हलंय बघ की, माल कवा तापला.”

मी तो आलेख त्याच माझ्या विद्यार्थ्याकडून समजून घेतला. त्यात ठरावीक अंतराने लहान-लहान शेंडे होते, दादाला वाटलं यंत्र बंद पडत होतं. तसं नव्हतं. यंत्राच्या नळ्यांवर दहिवर साचतं, ते काढायला यंत्र मधून मधून स्वतःच थोडं थांबतं. प्रत्येक निरोगी आलेखात ते शेंडे असतात. खरी गोष्ट पहिल्या पानावर होती. कंटेनरमध्ये शिरणारी हवा पहिल्या दिवसापासून शून्याला होती. मालातून परत येणारी हवा मात्र पहिल्या दिवशी अकरा अंश होती, आणि पाचव्या दिवशी कुठे दोनवर आली. म्हणजे यंत्र नीट चालू होतं. माल भरतानाच उबदार होता. समुद्राचा यात दोष नव्हता. पॅकिंगच्या ठिकाणी घाई झाली होती, द्राक्षं पुरती गार न करताच दार लावलं गेलं होतं.

दादाने हे त्या निर्यातदाराला विचारलं. मोठं भांडण झालं, कागद गेले-आले, आणि अखेरीस सत्तर हजार परत मिळाले. बाकीचे गेले. पण पुढच्या हंगामापासून त्याने एक अट घातली, मराठीत, वहीच्या कागदावर लिहून: माल भरताना माझ्या माणसासमोर घडात सुईचा थर्मामीटर घालून आकडा लिहायचा आणि दोघांनी सही करायची. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास दहा-बारा दिवसांनी आणि कधी त्याहून अधिक लांबला. तेव्हा त्या सुईचं मोल अजून वाढलं. चांगला गार झालेला माल एवढे जास्तीचे दिवस काढू शकतो. कोमट भरलेला काढू शकत नाही.

आता मी माझ्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे येते. दादाला कमी पडली ती इंग्रजी नव्हे. आलेखात इंग्रजी शब्द दहा-बारा होते, ते त्याने पाठ केले असते. कमी पडला तो फरक सांगणारा शब्द. आपण मराठीत सगळ्यालाच ‘थंड’ म्हणतो. माल थंड केला, माल थंड आहे, थंड कंटेनर, थंड गोदाम. गार करणं, गार ठेवणं आणि गोठवणं या तिन्हींवर एकच शब्द पांघरला, की कुणाच्या हातून काय राहिलं ते विचारताच येत नाही. “माल थंड होता का?” “हो, थंड कंटेनरमध्येच होता.” प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि दोन लाख गेले.

यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे नवी संज्ञा घडवणं. शेतीच्या पुस्तकांत भरण्याआधी गार करण्याला ‘पूर्वशीतकरण’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही. पण तो नाम आहे, आणि नाम कुणीच करत नाही. ‘पूर्वशीतकरण झाले’ या वाक्यात माणूस दिसत नाही. आपल्या स्वयंपाकघरात मात्र यासाठी एक क्रियापद शतकानुशतकं आहे: निववणं. दूध निववून विरजण लावायचं. भात निवला की डबा भरायचा, गरम भरला तर आंबतो. हे ज्ञान प्रत्येक घरातल्या बाईला आहे, आणि ते नेमकं रीफरचं ज्ञान आहे. पॅकिंगच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांना ‘द्राक्षं निववल्याशिवाय दार लावायचं नाही’ असं सांगितलं, तर पुढचं समजावून द्यायला वेगळा वर्ग लागत नाही.

म्हणून माझी सूचना तीन क्रियापदांची आहे. निववणं म्हणजे मालाची ऊब काढणं, हे जमिनीवरचं काम. राखणं म्हणजे निवलेला माल निवलेलाच ठेवणं, हे कंटेनरचं आणि बोटीचं काम. गोठवणं म्हणजे उणे तापमानात घट्ट करणं, हे कारखान्याचं काम. तीन कामं, तीन जागा, तीन जबाबदार. ‘रीफर’, ‘कंटेनर’, ‘प्लग’ हे शब्द तसेच राहू द्यात. बंदरावर आणि तारवट्यांच्या तोंडी ते रुळले आहेत, आणि वस्तूंची नावं प्रवासात येतातच. पुरुमेंतही पोर्तुगिजांकडूनच आला. वस्तूचं नाव उसनं चालतं. कुणी काय केलं, हे सांगणारं क्रियापद आपलं असावं लागतं.

हे मी वर्गात करून पाहिलं. तृतीय वर्षाच्या मुलांना माल भरणाऱ्या कामगारांसाठी सूचना लिहायला दिल्या. एका गटाने लिहिलं, ‘पूर्वशीतकरण प्रक्रिया पूर्ण झाल्याची खातरजमा करण्यात यावी.’ व्याकरणात एकही चूक नाही. दुसऱ्या गटातल्या मासळीवाल्याच्या मुलीने लिहिलं, ‘पेटी हाताला गार लागते म्हणून भरू नका. घडात सुई घाला, आकडा बघा, मग भरा.’ तिला माहीत होतं की बर्फातला मासा वरून गार असला तरी पोटात उबदार असू शकतो. मी ही दोन वाक्यं फळ्यावर लिहिली आणि त्या दिवशी आणखी काही शिकवलं नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की व्यावहारिक मराठीच्या तासाला रजेचा अर्ज आणि सभेचं इतिवृत्त यांच्या जोडीला असा एखादा कागद घ्या. ज्यांच्या घरी बाग आहे, ट्रॉलर आहे, बोटीवरची नोकरी आहे, अशा मुलांना वर्गात तज्ज्ञ म्हणून उभं करा. लेखकांना विनंती आहे की या धंद्यातल्या माणसांकडे जा. ज्याला फक्त आकडा दिसतो तो तारवटी, आणि ज्याला फक्त कापलेली रक्कम दिसते तो बागायतदार, हे दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांची भेट घडवणं हे आपल्या गद्याचं काम आहे. आणि अकादमीला विनंती आहे की बागायतदार, शेडमधल्या बायका आणि तारवटी यांना एकत्र बसवून पंचवीस-तीस पानांची एक पुस्तिका करावी. तिच्यात कठीण शब्दांची यादी नसली तरी चालेल. माल भरताना कोणी काय बघायचं, काय लिहायचं आणि सही कुणी करायची, एवढं त्यात साध्या मराठीत असावं.

येत्या जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू होईल. पुस्तिका त्याआधी शेडमध्ये पोचली, तर ती वाचायला माणसं तयार आहेत.